नव्वद नंबरचं तेल

कांजूरमार्गला पूर्वेकडे, हायवेच्या अलीकडे जी वसाहत आहे, तिथे धोंडिराम साळवे कुठे राहतात असं विचारलं तर दोघातिघांना जरा आठवावं लागतं. पण ‘लाल गाडीवाले फिटर’ म्हटलं की शेंबडं पोरही बोट धरून दारापर्यंत आणून सोडतं. दारात निळ्या ताडपत्रीखाली ती गाडी असते. तिच्या शेजारी एका लाकडी स्टुलावर, खिशात सहा इंची स्टीलची पट्टी खोचून, स्वतः साळवे, म्हणजे सगळ्यांचे भाऊ, बसलेले असतात.

भाऊंचं वय त्र्याहत्तर. बहात्तरच्या दुष्काळात जालन्याकडून मुंबईत आले, आयटीआयचा कागद जवळ होता, त्या जोरावर दोन वर्षांनी ट्रॉम्बेला फिटर म्हणून लागले आणि अडतीस वर्षं तिथल्या वर्कशॉपमध्ये काढली. तिथे केसाच्या जाडीचा फरकसुद्धा चालत नसे. ती सवय त्यांनी घरी आणली. भाकरी जरा वाकडी झाली तरी त्यांचा हात खिशातल्या पट्टीकडे जायचा, असं त्यांची बायको कमलताई सांगायच्या, आणि यात अतिशयोक्ती किती हे विचारायची सोय नव्हती. माणूस सरळ होता, पण इतका सरळ की वळायला जागाच नाही.

अशा माणसाला दोन सीटची, बिनछपराची, लांब नाकाची विलायती गाडी आवडावी हे त्यांच्या ओळखीच्या कुणालाच कधी कळलं नाही. एकोणनव्वद साली कुर्ल्याच्या भंगारवाल्याकडे ती चाकांशिवाय पडली होती आणि तिच्या सीटवर मांजर व्यालं होतं. भाऊ गेले होते पाण्याच्या मोटारीचं बेअरिंग शोधायला. घरी आले ते गाडी ठरवूनच. कमलताईंनी एवढंच विचारलं की दोन सीटमध्ये आपली पोरं, चैतन्य आणि दीप्ती, कुठे बसणार. भाऊ म्हणाले, ती आपल्यासाठी नाहीये.

ती कुणासाठी होती ते एक्क्याण्णव साली वसाहतीला कळलं. बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीचं वर्ष. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत सगळ्यांत पुढे ती गाडी आली. नवा लाल रंग, शेजारच्या सीटवर हार घातलेली तसबीर, आणि स्टिअरिंगवर पांढऱ्या शर्टातले भाऊ, माणसाच्या चालीने गाडी चालवत. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. ज्यांच्या आजोबांना गावात बैलगाडीतून मिरवू दिलं नव्हतं, त्यांच्या मिरवणुकीपुढे आता ही गाडी होती. तेव्हापासून ती कुणाची खाजगी गाडी राहिली नाही, जयंतीची गाडी झाली. कोरोनाची दोन वर्षं सोडली तर एकही वर्ष चुकलं नाही, आणि त्या दोन वर्षांतही भाऊंनी तसबीर ठेवून गाडी आवारातल्या आवारात दहा फूट पुढे आणि दहा फूट मागे केलीच.

गाडी सहजासहजी उभी राहिली नव्हती. तिचे भाग मुंबईत मिळत नसत. पण भाऊंच्या लक्षात आलं की मद्रासला बनलेली जी हेरल्ड गाडी आपल्याकडे साठ-सत्तरच्या दशकात धावायची, तिची आणि हिची हाडं एकच. वरून एक साधी घरंदाज, दुसरी नखरेल, पण पोटातून सख्ख्या बहिणी. मग भाऊ हेरल्डवाल्यांना शोधत गेले, आणि कालांतराने हेरल्डवाले भाऊंना शोधत येऊ लागले. गेल्या काही वर्षांत अशा तीन गाड्या उरल्या होत्या. घाटकोपरच्या सुयोग राणेची, जी त्याच्या ड्रायव्हर वडिलांना परळच्या एका डॉक्टरांनी जाताना दिली होती. मुलुंडच्या सिद्धेशची, जी लग्नात नवरा-नवरीला फिरवायची. आणि बोरिवलीच्या गंधाली खोतची, म्हणजे खरं तर तिच्या ब्याऐंशी वर्षांच्या वडिलांची, दत्तारामकाकांची. दर तीन महिन्यांनी या तिन्ही गाड्या आलटूनपालटून भाऊंच्या दारी येत. भाऊ खाली शिरून सगळीकडे ग्रीस भरत आणि मालकाला दोन शब्द सुनावून परत पाठवत.

लाल गाडीचं ग्रीसिंग मात्र कमलताईंकडे होतं. त्या महापालिकेच्या दवाखान्यात नर्स होत्या. नोकरी सुरू असताना रविवार मिळायचा, आणि भाऊंना त्या दिवशी हमखास ओव्हरटाइम असायचा. म्हणून सुरुवातीलाच भाऊंनी त्यांना ग्रीसचा पंप हातात देऊन शिकवलं होतं: जिथे बूच दिसेल तिथे ग्रीस. एवढं सोपं. कमलताईंनी मान डोलावली होती, आणि पुढची पस्तीस वर्षं रविवारी सकाळी जुन्या चादरीवर आडव्या होऊन त्या काय करतात ते भाऊंनी कधी वाकून पाहिलं नाही.

यंदा मार्चच्या शेवटच्या आठवड्यात सुयोगचा फोन आला. घाटकोपरला बाजाराच्या कोपऱ्यावर वळताना त्याच्या गाडीचं पुढचं डावं चाक गाडीखाली दुमडून बसलं होतं. शेजारी त्याची नऊ वर्षांची मुलगी प्रांजल होती. वेग म्हणजे चालत्या म्हशीचा, त्यामुळे कुणाला खरचटलंही नाही. पण फोनवर सुयोग पुन्हा पुन्हा एकच सांगत होता. पाच मिनिटांपूर्वीच ते पुलावरून भरधाव उतरले होते.

गाडी क्रेनने पुढून उचलून, टोचन करून दारात आणली. भाऊंनी चाक काढलं. चाकाला उभं धरणारा एक वीतभर लांबीचा लोखंडी दांडा असतो, त्याच्या खालच्या टोकाला आटे असतात आणि ते पितळेच्या एका बैठकीत फिरतात. तो दांडा आट्यांपाशी तुटला होता. भाऊंनी बैठक उघडून बोट घातलं. आत त्यांनीच वर्षानुवर्षं भरलेलं ग्रीस होतं, साबणाच्या वडीसारखं घट्ट, कडेला साचलेलं. आट्यांपर्यंत ते पोचलंच नव्हतं. तिथे कोरडा गंज होता.

भाऊ तुटका तुकडा फडक्यात घेऊन आत गेले. कमलताई मेथी निवडत होत्या.

“दर तीन महिन्यांनी ग्रीस घातलंय मी याला,” भाऊ म्हणाले. “एकदा चुकलो नाही.”

कमलताईंनी मेथी बाजूला सारून तुकडा हातात घेऊन पाहिला. “ग्रीस? तुम्ही त्यांच्या गाड्यांना इथे ग्रीस घालत होतात?”

“मग काय घालायचं?”

“तेल. नव्वद नंबरचं, गिअरबॉक्सचं. मी तर पहिल्यापासून तेलच घालते.”

त्या उठल्या, कपाटातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं एक पिवळं पडलेलं पुस्तक आणलं. लाल गाडीच्या कप्प्यात सापडलेलं, गाडीबरोबर आलेलं. चित्र होतं, बाण होता, आणि बाणाच्या टोकाला इंग्रजीत स्वच्छ लिहिलं होतं की इथे तेल, ग्रीस नाही. त्या ओळीखाली कमलताईंनी एक्क्याण्णव सालीच पेन्सिलीने रेघ मारली होती. डिक्शनरी घेऊन वाचलं होतं त्यांनी. तीस वर्षं वॉर्डात काढलेली बाई. लेबल वाचल्याशिवाय कुणाला काही द्यायचं नाही ही त्यांची हाडात मुरलेली गोष्ट. ग्रीसचा पंप त्यांनी त्या जागेपुरता बाजूला ठेवला होता, आणि सुई काढलेल्या मोठ्या सिरिंजला रबरी नळी लावून दर महिन्याला तिथे तेल सोडलं होतं.

“मला का नाही सांगितलंस?”

“सांगितलं होतं ना. तुम्ही म्हणालात, पुस्तकं वाचून गाड्या चालत नाहीत. म्हटलं, आपल्या गाडीचं माझ्याकडे आहे, मी माझं करते. तुम्ही दुसऱ्यांच्यात काय घालता ते मला काय ठाऊक?”

भाऊंना ते वाक्य आठवलं. कुठे उभं राहून म्हणालो होतो तेही आठवलं. त्यांनी मेथीची एक काडी उचलून पुन्हा खाली ठेवली.

पुढचे दोन दिवस भाऊंनी धड जेवण केलं नाही. स्वतःच्या हातावर त्यांचा जेवढा विश्वास होता तेवढा दुसऱ्या कशावर नव्हता, आणि त्याच हाताने त्यांनी एका पोरीला मरणाच्या दारात बसवलं होतं. हे त्यांनी स्वतःशी याच शब्दांत म्हटलं, सौम्य केलं नाही. मग ते उठले, जुन्या सहकाऱ्याकडून रंगाचे आणि भुकटीचे डबे आणले आणि सिद्धेश व गंधालीला गाड्या ताबडतोब घेऊन या म्हणून सांगितलं, चालवत नव्हे, टोचन करून. ट्रॉम्बेला न दिसणारा तडा शोधायची एक रीत होती. लोखंड स्वच्छ धुवायचं, लाल रंग लावायचा, पुसून काढायचा आणि वर पांढरी भुकटी फवारायची. तडा असेल तर आत मुरलेला लाल रंग पांढऱ्यावर रेघ होऊन वर येतो.

सगळ्यांत आधी त्यांनी लाल गाडीचे दांडे तपासले. आणि इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती भाऊंनी पुढे स्वतःच कमलताईंजवळ कबूल केली. भुकटी फवारून ते स्टुलावर बसले तेव्हा त्यांच्या मनात होतं की रेघ यावी. हिच्यातही तडा निघाला तर दोष ग्रीसचा नाही, लोखंडाच्या वयाचा. आणि मग हिचे दांडे कुणाला द्यायचा प्रश्नही उरणार नाही. दहा मिनिटं गेली, वीस गेली. भुकटी धुतलेल्या गंजीफ्रॉकसारखी पांढरीच राहिली.

सिद्धेशचे दोन्ही दांडे आणि सुयोगचा उजवा थोडक्यात वाचले होते. गंधालीच्या गाडीच्या उजव्या दांड्यावर मात्र केसासारखी बारीक, लालभडक रेघ उमटली.

रविवारी भाऊंनी तिघांना बोलावलं. चहा झाल्यावर त्यांनी पुस्तक मध्ये ठेवलं आणि उभं राहून सगळं सांगितलं. ग्रीस मी घातलं, तेल घालायचं होतं, आणि हे या बाईला पस्तीस वर्षांपासून माहीत होतं. कमलताईंना वाटलं शेवटचं वाक्य गाळलं असतं तर चाललं असतं. भाऊंनी ते गाळलं नाही.

कुणी रागावलं नाही, आणि त्यानेच भाऊ जास्त कानकोंडे झाले. सुयोग म्हणाला, काका, बाहेरदेशी मिळतो हा भाग, मागवू, दोन-तीन महिने लागतील, लागू देत. सिद्धेशनेही तेच म्हटलं. चौदा एप्रिलला अकरा दिवस राहिले होते. लाल गाडीला आत्ता हात लावायचा विषय कुणी काढला नाही. तिघांनाही ती गाडी काय आहे ते माहीत होतं. भाऊंना क्षणभर सुटल्यासारखं झालं.

मग गंधाली हळूच म्हणाली, “बाबांचं कसं करू तेवढं सांगा.”

दत्तारामकाकांना संध्याकाळी गाडी घेऊन एक फेरी मारल्याशिवाय चैन पडत नसे. डोळे अधू, कान त्याहून अधू, पण चावी कुठेही लपवा, त्यांना सापडायची. एकदा तांदळाच्या डब्यातून काढली होती. आज गाडी इथे दारात आहे म्हणून ते गप्प, पण उद्या परत नेली की थांबवणार कोण? आणि गाडी कायमची इथेच ठेवली तर जेवणार नाहीत, हेही तिला ठाऊक होतं. गेल्या जानेवारीत क्लच दुरुस्तीला टाकला तेव्हा तीन दिवस फक्त पेजेवर होते.

भाऊंनी लाल गाडीकडे पाहिलं. दोन तडकलेल्या गाड्या. एकीला डावा दांडा हवा, एकीला उजवा. दोघांचे आटे उलटसुलट, एकाच्या जागी दुसरा चालत नाही. आणि ताडपत्रीखाली एक डावा, एक उजवा, पस्तीस वर्षं तेलात राहिलेले.

“जॅक आण,” ते सुयोगला म्हणाले.

सुयोगने नको म्हणून पाहिलं. कमलताई पुढे आल्या आणि त्यांनी स्वतः ताडपत्री काढली.

गाडी वर उचलल्यावर आणखी एक गोष्ट उघडी पडली, जी भाऊ दोन वर्षं लपवत होते. तिचा सांगाडा मागून संपला होता. त्यांनी पत्र्यावर पत्रा मारून, वर काळा रंग फासून तो झाकला होता. स्क्रूड्रायव्हर टेकवला की आरपार. मिरवणुकीच्या चालीने वर्षातून एक दिवस ती गेली असती, अजून दोनचार वर्षं गेली असती. बाकी तिच्या पोटात धडधाकट इंजिन होतं, धडधाकट गिअरबॉक्स होता, आणि हे सगळं तीनशे चौसष्ट दिवस ताडपत्रीखाली झोपून असायचं. सिद्धेशने दोन वर्षांपूर्वी भीत भीत गिअरबॉक्स मागितला होता, त्याच्या गाडीचा पहिला गिअर बसतच नव्हता. भाऊंनी तेव्हा त्याला असा झाडला होता की तो सहा महिने फिरकला नाही.

“सिद्धेश,” भाऊ सांगाड्याखालूनच म्हणाले, “गिअरबॉक्स तुझा. इंजिन सुयोगचं, त्याचं धूर टाकतंय. मागच्या चाकांमधलं डिफरन्शियल गंधालीला. पण एक अट. आज इथे उभं राहून प्रत्येकाने तेल घालायला शिकायचं. माझ्याकडून नाही, हिच्याकडून.”

ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर काळं होतं आणि डोळे वाहत होते. त्यांनी ते पुसले नाहीत. तोंडावर ग्रीस होतं म्हणून असेल. कमलताईंनी सिरिंज आणली, चादर पसरली, आणि तीन मोठी माणसं शाळेतल्यासारखी ओणवी होऊन बघू लागली.

पाच दिवस काम चाललं. घाई नव्हती आणि आरडाओरडा नव्हता. प्रत्येक भाग काढला की भाऊ तो धुऊन, पुसून, त्यावर खडूने तारीख घालून मालकाच्या हातात देत. कमलताई एकदा म्हणाल्या की मुलीच्या पाठवणीला पण तुम्ही एवढे शांत नव्हतात. भाऊ म्हणाले, दीप्ती जावयाला दिली होती, तो काही पुस्तक वाचणारा नव्हता. गंधालीची गाडी बोरिवलीला गेली, आणि त्याच संध्याकाळी दत्तारामकाकांचा फोन आला की पुढचं चाक फार हलकं वाटतंय, काय केलंत? भाऊ म्हणाले, तेल घातलं.

जयंती समितीचे सेक्रेटरी खंडू वाघमारे बिचारे दोन दिवस दारावरून नुसते येरझाऱ्या घालत होते. शेवटी त्यांनी सुचवलं की यंदा टेम्पो सजवू. भाऊंनी मान हलवली. गाडी येईल म्हणाले, तिला मी नाही म्हटलेलं नाही.

त्यांनी पेटीच्या तळातून एक डावा दांडा काढला, त्र्याण्णव साली एका हेरल्डमधून आटे झिजले म्हणून काढून टाकलेला. उजवीकडे गंधालीचा रेघ आलेला दांडा बसवला. रस्त्यावर वेगाने जाणाऱ्या गाडीला हे दोन्ही त्यांनी कधी लावू दिले नसते. पण आता पोटात इंजिन नव्हतं, वजन निम्मं झालं होतं, आणि जायचं होतं हाताने ढकलत, माणसाच्या चालीने. ते गणित त्यांनी तीनदा तपासलं. वसाहतीतल्या पोरींनी लाल पत्रा आरशासारखा पुसला.

चौदा तारखेला संध्याकाळी निळे झेंडे लागले, ताशा घुमू लागला, आणि गाडी आवारातून बाहेर आली. मागे तिन्ही हेरल्ड उभ्या होत्या, धुतलेल्या. सुयोगच्या गाडीत प्रांजल पुढच्या सीटवर बसली होती आणि दत्तारामकाका आपल्या गाडीच्या स्टिअरिंगवर होते, गंधाली शेजारी हँडब्रेकवर हात ठेवून. तसबीर नेहमीच्या जागी ठेवली. हार घातला. खंडूभाऊंनी विचारलं, ढकलायला वीस जण आहेत, पण स्टिअरिंगवर भाऊच ना?

भाऊ गाडीच्या मागच्या बाजूला जाऊन उभे होते. पांढऱ्या शर्टाच्या बाह्या त्यांनी दुमडल्या होत्या.

“ती बसेल,” ते म्हणाले.

कमलताई बायकांच्या रांगेत होत्या, पांढरी साडी, निळा काठ, गेल्या तेहतीस मिरवणुकांत जिथे चालत होत्या तिथेच. त्यांना वाटलं चेष्टा आहे. मग नवऱ्याचा चेहरा पाहून त्या पुढे आल्या. दार उघडून आत बसायच्या आधी त्या थबकल्या आणि पुढच्या चाकाकडे वाकून बघत हळू आवाजात म्हणाल्या, “तेल घातलंत का?”

“घातलं,” भाऊ म्हणाले. “आधी लेबल वाचलं.”

कमलताई बसल्या. त्यांनी पदर सारखा केला आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. मागून वीस जणांनी जोर लावला, त्यांत एक त्र्याहत्तर वर्षांचा फिटर होता, आणि लाल गाडी आवाज न करता स्टेशन रोडकडे वळली.